रविवारच्या आभारांसाठी शनिवारची फेरी

गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला पाठवलेल्या पत्रात 'लेख प्रसन्न असावा' अशी सूचना आहे. मी तेहतीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. प्रश्न एक आणि उत्तर भलतेच लिहिणाऱ्याला मी कधी गुण दिले नाहीत, आणि आज बहात्तराव्या वर्षी मीच ते करायला बसले आहे. आमच्या ख्रिस्ती मंडळीचे ज्येष्ठ सेवक श्री. शमुवेल केदारी यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु त्यांच्याविषयी खरे लिहायचे तर लेख प्रसन्न होत नाही, आणि खोटे लिहिलेले त्यांना चालत नाही. दोन्हींतून मी खरे निवडते. संपादकांनी काटछाट करायची असेल तर खुशाल करावी, फक्त मला न विचारता करू नये.

केदारीभाऊंचा आवाज मी ओळखत होते, माणूस ओळखत नव्हते. पुण्यातल्या आमच्या मंडळीत त्या काळी रविवारच्या उपासनेत आभाराच्या चिठ्ठ्या वाचल्या जात. ज्याच्या घरी काही चांगले झाले असेल, मूल जन्मले असेल, आजारी माणूस बरे झाले असेल, त्याने आठवडाभरात एक चिठ्ठी लिहून द्यायची. रविवारी उपदेशाआधी केदारीभाऊ पुढे उभे राहून ती वाचत. सगळ्या चिठ्ठ्या वाचून झाल्या की मंडळी उठून उभी राहायची, पेटीवाले सूर धरायचे आणि स्तुतीचे गीत व्हायचे. उपासनेतला तो भाग सर्वांच्या आवडीचा. एकाच्या घरचे सुख शंभर घरांच्या तोंडी जायचे, आणि त्या पाच मिनिटांत देव छपराच्या खालीच कुठेतरी असल्यासारखे वाटायचे. मलाही वाटायचे. हे लिहून ठेवते, कारण पुढे मी जे लिहिणार आहे त्यावरून मी जन्माचीच कडू आहे असा कोणाचा समज होईल.

माझे पती जयवंत यांची पित्ताशयाची शस्त्रक्रिया एका गुरुवारी झाली. ती चांगली झाली. डॉक्टर हसून बोलले, यांनी संध्याकाळी दोन घोट पाणी प्यायले, आणि माझ्या सासूबाईंनी शुक्रवारीच आभाराची चिठ्ठी सांगून लिहून घेतली. अक्षर माझे होते. शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास हे खाटेवर उठून बसले, दम लागतोय म्हणाले, आणि दहा मिनिटांत सगळे संपले. यांचे मोठे भाऊ नागपूरला होते, म्हणून अंत्यविधी सोमवारी ठरला. पाळकसाहेब त्या रविवारी बाहेरगावच्या मंडळीत गेलेले. फोन तेव्हा एखाद्याच घरी असायचा. ज्यांना कळले होते ते सगळे विश्रांतवाडीला आमच्या घरी बसलेले होते, आणि जे उपासनेला गेले त्यांच्यापैकी जवळजवळ कोणालाच कळलेले नव्हते.

आमची सुनीता तेव्हा नऊ वर्षांची. तिला आम्ही काही सांगितले नव्हते. घरात रडारड नको बघायला म्हणून शेजारच्या मंदाबरोबर तिला सकाळी उपासनेला पाठवून दिले होते. मंदा कॉलेजात जाणारी मुलगी, तिला सगळे माहीत होते. केदारीभाऊंनी आमची चिठ्ठी वाचायला घेतली तेव्हा उठून त्यांना थांबवावे असे तिला वाटले, पण ती जागची उठली नाही. हे तिने मला पुढे कित्येक वर्षांनी सांगितले. मंडळी उभी राहिली, गीत झाले. आणि साडेअकराला सुनीता पळत घरी आली. दारातली चपलांची रास ओलांडून, एवढी माणसे का जमली आहेत हे न विचारता, ती सरळ माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "आई, बाबांसाठी सगळे उभे राहून गायले."

त्या दिवशी मला तिला सांगावे लागले.

दुपारी दोनच्या सुमारास दारात एक सायकल लागली. पस्तिशीचा, सडसडीत, हातांना वंगणाचे डाग असलेला एक माणूस उंबऱ्याबाहेर उभा राहिला. माझी आणि केदारीभाऊंची समोरासमोर झालेली ही पहिली ओळख. मंडळीत असा प्रसंग आला की लोक वचने सांगतात. देवाची इच्छा, देवाची योजना, देवाला चांगली माणसे लवकर लागतात. सकाळपासून मी ती ऐकत होते आणि एकेकाला तोंडावर सांगावेसे वाटत होते की तुमची माणसे का नाही लागत. केदारीभाऊंनी यातले काही म्हटले नाही. ते म्हणाले, "चिठ्ठी मी वाचली. आधी येऊन विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही." मी त्यांना म्हटले, आता पुढच्या रविवारी काय वाचणार आहात? ते पाच मिनिटे तसेच उभे राहिले आणि गेले.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी ते पुन्हा आले. त्या आठवड्यापासून त्यांनी एक नियम घातला होता, तो मला नंतर कळला. रविवारी जी चिठ्ठी वाचायची तिच्या घरी शनिवारी स्वतः जायचे आणि विचारायचे, आभार अजून खरे आहेत ना? घरच्यांनी हो म्हटले तरच ती रविवारी वाचायची. गुलटेकडीला मार्केट यार्डाजवळ त्यांचे तोलकाटे दुरुस्त करण्याचे छोटे दुकान होते. शनिवारी चारला ते दुकान बंद करायचे आणि सायकलवर निघायचे. शहर केवढे, चिठ्ठ्या कुठल्या कुठल्या. राहायला ते वारज्याला, तेव्हा वारजे म्हणजे गावच होते. पाऊस असो, ऊन असो, घरी पोचायला त्यांना नऊ वाजत.

आमच्याकडून अर्थातच चिठ्ठी नव्हती. तरीही ते आले. दारातूनच विचारले, "बाई, या आठवड्यात काही आहे का?"

मी दार लावून घेतले. जखमेवर मीठ चोळणे हा वाक्प्रचार मी वर्गात पुष्कळदा शिकवला होता, त्याचा अर्थ मला त्या दिवशी समजला. हा माणूस निर्लज्ज आहे की खुळा, हे मला ठरवता येईना. पुढच्या शनिवारी ते आले. त्याच्या पुढच्याही आले. काही महिन्यांनी मी दार लावायचे सोडले आणि नुसते 'नाही' म्हणू लागले. 'बरं' म्हणून ते सायकल वळवत. चहा कधी घेतला नाही, आत कधी आले नाहीत. एकट्या बाईच्या दारात दर शनिवारी एक पुरुष उभा राहतो म्हटल्यावर आळीत कुजबुज व्हायचीच. ती त्यांच्या कानावर गेली असावी, कारण पुढे ते पत्नीला, रूथवहिनींना, सायकलच्या कॅरिअरवर बसवून आणू लागले. रूथवहिनींचे तोंड केदारीभाऊंच्या उलट. त्या उतरता उतरताच सुरू व्हायच्या. "ह्यांना सांगून थकले मी. म्हटलं, त्या बाईंना काही नसेल द्यायचं तर तुम्ही तरी काही द्या. निदान चार केळी. तर म्हणतात, नको, लाच वाटेल." मी त्यांच्यासमोर पहिल्यांदा हसले, तेव्हा यांना जाऊन तीन वर्षे झाली होती.

या शनिवारच्या फेरीवर मंडळीत सर्वजण खूश होते असे समजू नये. आभाराची चिठ्ठी तपासायला येणारा माणूस कोणाला आवडेल? एका घराने मुलगा शाळेत पहिला आल्याची चिठ्ठी दिली होती. केदारीभाऊंनी शनिवारी जाऊन मुलालाच विचारले. मुलगा खाली मान घालून म्हणाला, तिसरा. वडील रागावले, म्हणाले, एवढ्याने काय बिघडतं, आभार तर देवाचेच मानतोय ना. केदारीभाऊ म्हणाले, "देवाने निकाल बघितलाय." रविवारी त्यांनी 'तिसरा' असे वाचले. ते गृहस्थ पुढे दोन वर्षे त्यांच्याशी बोलत नव्हते. मुलगा मात्र आज या गौरवग्रंथाच्या समितीवर आहे, आणि हा किस्सा छापायला त्याची हरकत नाही असे त्याने मला कळवले आहे. मी विचारले होते.

मंडळीच्या पंचांशी त्यांचा खरा वाद झाला तो वेगळ्याच गोष्टीवरून. आभाराच्या चिठ्ठ्या संपल्या की ते एक वाक्य स्वतःचे घालू लागले होते: 'आणि या आठवड्यात ज्यांना आभार मानता आले नाहीत, त्यांना सोबत घेऊन आपण उभे राहू या.' मी तेव्हा उपासनेला जात नव्हते. सुनीता जायची. एका रविवारी येऊन ती म्हणाली, "आई, आज केदारीकाकांनी तुझं वाचलं." मी विचारले, नाव घेतलं का? म्हणाली, नाव नाही घेतलं, पण ते तुझंच होतं. पंचांचे म्हणणे, स्तुतीच्या वेळी हे रडगाणे कशाला? आभार न मानणाऱ्याचा उल्लेख देवाच्या घरात करायचा म्हणजे त्याला मान दिल्यासारखे होते. केदारीभाऊंना सभेत बोलावून विचारण्यात आले. स्तुती करत आपण देवाजवळ जातो, असं तुम्हीच शिकवता, ते म्हणाले. मग जे मागे राहिलेत त्यांना मागेच ठेवून गेलो तर तो पहिल्यांदा त्यांचंच विचारेल, आणि माझ्याकडे उत्तर नसेल. वाक्य काढायचं असेल तर वाचणाराही दुसरा बघा. दुसरा कोण शनिवारी वीस मैल सायकल मारणार? वाक्य राहिले.

अकराव्या वर्षी एका शनिवारी ते आले तेव्हा त्यांची पँट गुडघ्यावर फाटलेली होती आणि रक्त येत होते. पुलावर सायकल घसरली होती. रूथवहिनी त्या दिवशी बरोबर नव्हत्या. मी त्यांना पहिल्यांदाच आत घेतले, जखम धुतली, हळद लावली आणि चहा पुढे ठेवला. मग इतकी वर्षे जे विचारायचे होते ते विचारले. तुम्हाला तरी खात्री आहे का, की तिथे कोणी ऐकतं? मला वाटले होते, आता तरी वचन येईल. ते बशीकडे बघत म्हणाले, "लांबून नाही कळत, बाई. मलाही नाही. गायला लागलो की जवळ गेल्यासारखं वाटतं. थांबलं की पुन्हा लांब. म्हणून तर दर रविवारी जावं लागतं." मी म्हटले, आणि माझ्यासारखीने कशाबद्दल गायचं? ते म्हणाले, कशाबद्दल ते मला नाही सांगता येत, पण तुम्ही नसलात की आवाज कमी पडतो, हे मला दर रविवारी ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी मी गेले. मला काही साक्षात्कार झाला नव्हता. सर्वांत मागच्या बाकावर बसले. चिठ्ठ्या झाल्या, ते वाक्य त्यांनी नेहमीसारखेच वाचले, माझ्याकडे बघितले नाही, आणि मंडळी उभी राहिली तेव्हा मीही उभी राहिले. गीत मला पाठ होते, तरी दुसऱ्या कडव्यापर्यंत तोंडातून आवाज फुटला नाही. तेव्हापासून मी रविवार सहसा चुकवला नाही. स्तुती गायले, कारण देव थोर आहे हे मला कधी नाकारता आले नाही. आभाराची चिठ्ठी मात्र मी दिली नाही. सुनीताचे लग्न झाले, तिला मुले झाली, मी मुख्याध्यापिका झाले. लोक म्हणायचे, साळवेबाई, एवढं चांगलं झालं, एक चिठ्ठी द्या. पण पेन घेतले की ते शुक्रवारचे माझे अक्षर डोळ्यांपुढे यायचे आणि भीती वाटायची. मी आभार मानीन आणि शनिवारी काहीतरी होईल. ही भीती मी आजवर फक्त केदारीभाऊंना सांगितली. ती खुळी आहे असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी दर शनिवारी विचारायचे मात्र थांबवले नाही, आणि मी 'नाही' म्हणायचे थांबवले नाही.

दोन वर्षांपूर्वी रूथवहिनी गेल्या. सात महिने त्या अंथरुणाला खिळून होत्या, आणि शेवटी शेवटी त्यांचे ते तोंडही बंद झाले होते. त्यानंतरच्या रविवारी केदारीभाऊ येणार नाहीत असे सर्वांनी धरले होते. ते आले. एकेक चिठ्ठी त्यांनी वाचली. पन्नास वर्षांच्या संसाराबद्दल त्यांची स्वतःची चिठ्ठी असेल, असे सर्वांना वाटत होते. असे आभार आमच्याकडे मानतात आणि ऐकणाऱ्यांना ते आवडतात. त्यांची चिठ्ठी नव्हती. शेवटी ते आपल्या वाक्यावर आले. ते त्यांनी पूर्ण वाचले, कागद घडी करून खिशात ठेवले, आणि पुढच्या आपल्या खुर्चीवर न बसता, सगळी मंडळी उभी राहत असताना, मधल्या वाटेने मागे चालत आले आणि माझ्या बाकावर येऊन बसले. सगळे गात होते. आम्ही दोघे बसून होतो. मला खूप रडू आले, आणि माझ्या पतींच्या मृत्यूनंतर देवळात रडण्याची ती माझी पहिलीच वेळ.

त्यानंतर त्यांनी वाचणे सोडले. आता चिठ्ठ्या मोबाइलवर येतात आणि पडद्यावर दिसतात. सोय आहे, मी नाकारत नाही. खरे आहेत का, हे शनिवारी विचारायला कोणी जात नाही, आणि ते वाक्य पडद्यावर कोणी टाकले नाही. मी एकदा आठवण करून दिली, तेव्हा एक तरुण सेवक अगदी नम्रपणे म्हणाला, "आंटी, ते थोडं निगेटिव्ह वाटतं ना." पूर्वी मी त्याच्याशी वाद घातला असता.

केदारीभाऊ आता वारज्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये असतात. हृदय फार थकले आहे. डॉक्टरांनी 'जपा' एवढेच सांगितले आहे, आणि त्याचा अर्थ आम्हा सगळ्यांना कळतो. शनिवारी दुपारी मी दोन बस बदलून तिकडे जाते. आता मीच विचारते, काही आहे का? ते म्हणतात, नाही, बाई. मी म्हणते, बरं. मग आम्ही चहा घेतो. ज्या माणसाने चाळीस वर्षे दुसऱ्यांचे आभार देवापर्यंत पोचवले, त्याच्याकडे स्वतःचे काही उरलेले नाही, हे बघणे सोपे नसते. ते उपासना घरूनच ऐकतात. गीत सुरू झाले की त्यांचे ओठ हलतात, असे सूनबाई सांगतात.

गेल्या शनिवारी मी या लेखासाठी म्हणून त्यांची परवानगी मागितली. जे लिहिणार ते सगळे सांगितले, सुनीताचे, पुलावरचे, बाकावरचे. ते ऐकून घेत होते. मग मी म्हटले, वाढदिवसाच्या रविवारी तुमची मुले तुमच्या आयुष्याबद्दल आभार देणार आहेत, पडद्यावर येईल, तुमची हरकत नाही ना? ते म्हणाले, मुलांचं मुलांना करू द्या. मग दम खाऊन त्यांनी त्यांचे पूर्वीचेच विचारले. बाई, तुमचं काही आहे का?

मी 'आहे' म्हटले. माझ्या तोंडून ते कसे निघाले, मला माहीत नाही. ते 'बरं' म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने, डोळे न उघडताच, मोठ्याने वाचा, असे म्हणाले.

ती चिठ्ठी मी लिहिली आहे. हा ग्रंथ ज्या रविवारी आपल्या हाती येईल, त्या रविवारी मी ती उभी राहून वाचणार आहे; पडद्यावर नाही, कागदावरून. तिच्यात एवढेच आहे की विश्रांतवाडीची एक बाई श्री. शमुवेल केदारी यांच्या पंचाहत्तर वर्षांबद्दल आणि तिच्या दारात काढलेल्या त्यांच्या सर्व शनिवारांबद्दल देवाचे आभार मानते. त्यानंतर मी त्यांचे वाक्यही वाचणार आहे, कोणाला निगेटिव्ह वाटो वा न वाटो.

अशा लेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायचे असते. केदारीभाऊ, आपल्याला श्वास पुरेसा मिळो, पायांत चार पावलांचे बळ राहो, वहिनींशिवायचे दिवस देवाने थोडे हलके करावेत, आणि आपण पुष्कळ जगावे, असे मला फार वाटते. पण इतकी वर्षे न मागितलेले मी आज एकदम किती मागू? आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, मी वारज्याला येऊन तुम्हाला विचारीन, आभार अजून खरे आहेत ना. तुम्ही हो म्हणावे. आणि यावेळी तरी, रविवारी सकाळी मंडळी उभी राहीपर्यंत, देवाने ते खरे ठेवावे.